एकमेकांजवळ: डॉक्टर बॉब यांची गोष्ट

आजचा शास्त्रभाग: याकोब 5:13-16



हा भाग आपण बहुतेक वेळा आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना वाचतो आणि सोळाव्या वचनावरून घाईने पुढे जातो. बरं व्हायचं असेल तर पातकं एकमेकांजवळ कबूल करा, असं याकोब तिथे सांगतो. देवाजवळ कबूल करायला मला कधी जड गेलं नाही. अडायचं ते एकमेकांजवळ या शब्दापाशी. म्हणून आज एका डॉक्टरांचं आयुष्य सांगतो.

रॉबर्ट स्मिथ यांचा जन्म 1879 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात झाला. घर धार्मिक. लहानपणी इतक्या वेळा सक्तीने चर्चला पाठवलं, की मोठं झाल्यावर पुन्हा जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. कॉलेजात दारू लागली. वैद्यकीय शिक्षण अडखळत का होईना पूर्ण झालं, 1910 मध्ये ते डॉक्टर झाले आणि ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात सर्जन म्हणून काम करू लागले. 1915 मध्ये अ‍ॅनशी लग्न झालं. पुढे देशात दारूबंदी आली, पण डॉक्टरांना औषधासाठी अल्कोहोल मिळत असे. झालं, वाट उघडीच राहिली. तळघरातल्या कोळशात बाटल्या, दाराच्या चौकटीवर बाटल्या, मोज्यातसुद्धा छोट्या बाटल्या.

आता पुढचं नीट वाचा. अ‍ॅनसोबत ते ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या सभांना जाऊ लागले. दोन वर्षांहून जास्त काळ पवित्र शास्त्र वाचलं, प्रार्थना केली, सभा चुकवल्या नाहीत. आणि रोज पीत राहिले. 1935 च्या वसंतात एका छोट्या बैठकीत त्यांनी शेवटी आपलं गुपित सांगितलं. मंडळींनी त्यांच्यासोबत गुडघे टेकून प्रार्थना केली. तरी दारू सुटली नाही.

मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी अ‍ॅक्रनला आला. तोही दारुडाच, पण पाच महिने दारूपासून दूर होता. काम फिसकटलं. हॉटेलात एकटा असताना शेजारच्या बारमधला आवाज त्याला ओढू लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आत्ता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला हवं. त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावले, आणि त्यातून ऑक्सफर्ड ग्रुपच्या हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी, दोघांची गाठ घालून दिली. डॉक्टर 15 मिनिटंच थांबणार होते. गप्पा सहा तास चालल्या. बिलने उपदेश केला नाही, स्वतःचीच कहाणी सांगितली. आपल्यातूनच गेलेला माणूस आपल्याशी बोलतोय, हे डॉक्टरांना पहिल्यांदाच अनुभवायला मिळालं.

बिल त्यांच्या घरीच राहायला आला. अ‍ॅन रोज सकाळी शास्त्र वाचून दाखवायच्या. याकोबाचं पत्र त्यांच्या विशेष आवडीचं. जूनमध्ये डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा घसरले. परत आले तेव्हा त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती. हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच त्यांना एक बिअर दिली. तो 10 जून 1935. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर शहरभर फिरले, ज्यांना दुखावलं होतं त्यांना भेटले. ती बिअर शेवटची ठरली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हीच तारीख आपला जन्मदिवस मानते.

तलफ लगेच गेली नाही, पुढची अडीच वर्षं छळत राहिली. तरीही 1950 मध्ये कर्करोगाने मृत्यू येईपर्यंत ते प्यायले नाहीत. सिस्टर इग्नेशिया यांच्यासोबत सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी हजारो दारुड्यांवर एक पैसाही न घेता उपचार केले.

हे आज का लिहितोय? माझ्या लॅपटॉपच्या बॅगेतही चार्जरखाली बाटली असायची. रात्री पिऊन सकाळी मी इथेच मनन लिहिलंय. रोज देवाची क्षमा मागायचो आणि वाटायचं, माझ्या विश्वासातच खोट आहे. मग एका संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या एका खोलीत जाऊन बसलो. गाव सांगत नाही, तिथला नियमच तसा आहे. फी नव्हती, आडनाव कुणी विचारलं नाही. एका रिक्षावाल्या काकांनी आपली गोष्ट सांगितली आणि ती माझीच निघाली. पहिल्या दिवशी मी फक्त ऐकलं. तेवढं चालतं.

तुमच्याही घरात लपवलेली बाटली असेल, तर प्रार्थना थांबवू नका, पण एकटे राहू नका. रोज खूप पीत असाल तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं, आधी डॉक्टरांना भेटा. आणि अशी खोली शोधा. मराठीतूनही सभा होतात. देव प्रार्थना ऐकतो, हे खरंच. डॉक्टरांच्या प्रार्थनेचं उत्तर दुसऱ्या दारुड्याच्या पायांनी चालत आलं.

प्रार्थना: हे प्रभू, जे मी फक्त तुलाच सांगतो ते माझ्या भावाला सांगायचं धैर्य दे. आणि कुणी मला सांगायला आलं, तर ऐकायला माझे कान उघड. आमेन.