शाळेने माणूस घडवावा : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्ही कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत. भाऊराव बौद्ध नव्हते. ते जैन घरात जन्मले आणि सत्यशोधक विचारात वाढले. मग बौद्ध विहाराच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, शील हे नुसते पाठ करून येत नाही, रोजच्या वागण्यातून अंगी बाणते, ही गोष्ट त्यांनी शाळा-वसतिगृहांतून करून दाखवली. आज आपल्या वस्तीतली पोरं शाळेत जातात, क्लासला जातात, चांगले टक्के मिळवतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण टक्क्यांबरोबर शीलही येतं का, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो. त्यासाठी हे चरित्र वाचायचे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. वडील पायगोंडा हे सरकारी नोकरीत कारकून होते. लहानपणापासून अस्पृश्यतेची भाऊरावांना चीड. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यांनी एका विहिरीचा रहाटच मोडून टाकला होता, असे सांगतात. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले होते. तिथल्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर विटाळ झाला म्हणून आंघोळ करण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शालेय शिक्षणही पुरे झाले नाही. पण शाहू महाराजांच्या सहवासात त्यांना जे मिळाले, ते परीक्षेत मिळण्यासारखे नव्हते.

पुढे पोटासाठी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. त्या निमित्ताने खेडी पायाखाली घातली. शेतकऱ्यांची, महार-मांगांची हुशार पोरं गुरांमागे जाताना पाहून त्यांचा जीव तुटे. अखेर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था सातारला आली आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

सातारा म्हटले की आपल्याला बाबासाहेब आठवतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्या सरकारी शाळेत घातले गेले. बाल भीमरावाला वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. पाण्याच्या भांड्याला हात लावायची सोय नव्हती. त्याच साताऱ्यात पंचवीस वर्षांच्या आत महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका पंगतीत बसून एकच भाकरी खाऊ लागली. मुलेच पाळीपाळीने स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, शेतात राबत. कमवा आणि शिका ही त्यांची रीत होती. फुकटचे खायचे नाही आणि कामाची लाज धरायची नाही, हे तिथे कोणी भाषण देऊन शिकवत नव्हते. ताटात वाढलेल्या भाकरीतून पोर ते शिकत असे. समता ही वेळापत्रकातली एक तासिका नव्हती, ती सकाळ-संध्याकाळची सवय होती.

हे सोपे नव्हते. पैसा नेहमीच अपुरा. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या घरातून आलेल्या. पण या पोरांच्या त्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. रयतच्या इतिहासात त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीनेच घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

शाळा चांगली व्हायची तर आधी शिक्षक चांगला हवा, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून १९३५ साली त्यांनी ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सातारला सुरू झाले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. ज्याचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले, त्याने हजारो घरांत पहिला पदवीधर घडवला.

विद्येला शीलाची जोड नसेल तर ती विद्या घातक ठरते, हे बाबासाहेब आपल्याला बजावून गेले. मग सगळा भार शाळेवर टाकून आपण मोकळे होणार का? भाऊरावांच्या वसतिगृहात जी कामे मुले करीत, ती आपल्या घरात आणि विहारात आपली मुले करतात का, हे बघायला हवे. विहारात सतरंजी कोण घालतो, झाडू कोण मारतो? घरी आपले ताट मुलगा धुतो, की ते बहिणीचेच काम? दर रविवारी मुले पंचशील म्हणतात. खोटे बोलणार नाही असे म्हणून घरी गेलेल्या पोराला दारात आलेल्या माणसाशी खोटे बोलायला आपणच सांगत असू, तर शाळा तरी काय करणार?

वर्धापनदिनाचा मंडप दोन दिवसांत उतरेल. त्यानंतरच्या रविवारी विहाराची झाडलोट वस्तीतल्या मुला-मुलींनी पाळीपाळीने करावी आणि सोबत आपणही झाडू हाती घ्यावा, अशी आमची सर्व उपासक-उपासिकांना विनंती आहे. कर्मवीरांना तेच खरे अभिवादन होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!