शाळेच्या आधी घर : कर्मवीर भाऊरावांचा न संपलेला धडा

रहिमतपूर : पुणे-मिरज लोहमार्गावर साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना कोरेगावच्या पुढे रहिमतपूरचे स्थानक लागते. मराठी वाचकाला हे गाव ठाऊक असते ते नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव म्हणून. कानेटकरांचे वडील म्हणजे रविकिरण मंडळातील कवी गिरीश. अशा घरात जन्मलेले मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच शब्दांच्या सहवासात वाढते. घरात पुस्तके असतात, वाचणारी माणसे असतात आणि आपण शिकणार याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते.

त्याच काळात याच पंचक्रोशीतील शेतमजुराच्या मुलाच्या घरी काय होते? दिवेलागणीनंतर काळोख, दिवसा गुरांमागची रानवाट आणि अक्षरओळख नसलेले आईवडील. हे मूल शाळेत गेलेच, तरी कानेटकरांच्या घरातील मुलाच्या कितीतरी मागून त्याची धाव सुरू होत असे. दोघांच्या बुद्धीत फरक नव्हता. फरक होता तो घरात. हे ज्या माणसाने आधी ओळखले आणि त्यावर आयुष्यभर काम केले, त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील. दहावी-बारावीच्या निकालांचे दिवस आले, की गुणांच्या टक्केवारीची चर्चा घरोघर रंगते. त्या टक्केवारीत मुलाचे किती आणि घराचे किती, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. भाऊरावांच्या चरित्राकडे त्यासाठी पुन्हा वळावे लागते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, आजोळी झाला. घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते. त्यामुळे लिहिणे-वाचणे घराला परके नव्हते. पण वडिलांच्या बदल्यांबरोबर गावही बदलत असे. भाऊरावांचे मन पाठांतरात फारसे रमले नाही. अन्यायाची चीड मात्र लहानपणापासूनच होती. अस्पृश्यांना पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून त्यांनी विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षण आणि जैन वसतिगृहात राहणे सुरू झाले. परीक्षेत मात्र यश मिळेना. छत्रपती शाहू महाराजांनी या मुलाला वरच्या वर्गात घालण्याविषयी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला, तेव्हा भाऊराव ज्या बाकावर बसतात तो बाक एक वेळ वर चढविता येईल, भाऊरावांना नाही, असे उत्तर मुख्याध्यापकांनी दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. इंग्रजी सहावीपर्यंत मजल मारून त्यांचे शालेय शिक्षण थांबले. पुढे हजारो मुलांना पदवीपर्यंत नेणारा हा माणूस स्वतः मॅट्रिकही नव्हता.

कोल्हापूरने त्यांना दिले ते वर्गाबाहेर. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला हजर राहिल्याच्या कारणावरून त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने राहण्याची संधी मिळाली. महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास प्रारंभ केला होता. खेड्यातील मुलाला शाळा मोफत मिळाली, तरी शहरात राहायचे कोठे आणि खायचे काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय शिक्षण मिळत नाही, हे भाऊरावांनी तेथे जवळून पाहिले.

कोल्हापूर सोडल्यानंतर साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. पुढे ओगले यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. मूल हुशार असूनही ते शाळेत टिकत का नाही, याची उत्तरे त्यांना मिळत गेली. कधी धाकट्या भावंडाला सांभाळायचे असे, कधी सावकाराचे देणे असे, कधी घरात रात्री दिवाच नसे. बहुतेक आईवडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता. परंतु आपले मूल शिकू शकते, यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी विद्यार्थी आश्रमाचा प्रयोग आधीच केला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले व तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

शाहू महाराजांच्या बहुतेक वसतिगृहांहून हे वसतिगृह एका बाबतीत निराळे होते. तेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सारी मुले एका छपराखाली राहत आणि एका पंक्तीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, शेतातील काम हे सर्व मुलांनीच पाळीपाळीने करायचे. याकडे नुसती सामाजिक सुधारणा म्हणून पाहिले, तर निम्मीच गोष्ट लक्षात येते. भाऊरावांनी या मुलांना जे दिले ते एक घर होते. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी अभ्यास, रात्री दिवा, शंका विचारायला वरच्या वर्गातील मुलगा आणि पाठीवर हात ठेवणारे वडीलधारे माणूस. सुशिक्षित कुटुंबातील मुलाला हे सारे न मागता मिळते. ज्याला मिळत नाही, त्याच्यासाठी ते मुद्दाम उभे करावे लागते.

या घराला आईही होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्या सधन व धर्मनिष्ठ जैन घराण्यातील. सोवळेओवळे मानणाऱ्या घरातून आलेल्या या स्त्रीने हळूहळू सर्व जातींच्या मुलांना आपले मानले. कोणाला ताप आला, की उशाशी त्या बसत. वसतिगृहाचा खर्च भागेना, तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून मोडले गेले. एका सणाच्या दिवशी भाऊराव बाहेरगावी असताना कोठीत धान्य उरले नव्हते. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले. त्या काळात, त्या समाजात, पती हयात असताना मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे अवघड आहे. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांना पाहता आला नाही. भाऊरावांच्या थोरवीचा हिशेब मांडताना या घराने काय मोजले, तेही मांडावयास हवे.

या घरातून बाहेर पडलेल्या मुलांनी काय केले, हे सर्वज्ञात आहे. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा मुलांच्या आईवडिलांच्या पिढीत पुस्तक हाती धरलेले माणूस शोधावे लागत होते. घर बदलताच एका पिढीत एवढे अंतर कापले गेले.

अमेरिकेत १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळेच्या इमारती आणि साधने यांपेक्षा मुलाच्या घरची पार्श्वभूमी आणि सोबतचे विद्यार्थी यांचा त्याच्या प्रगतीशी अधिक संबंध आढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता व त्यावर जगभर वाद झाले. त्या वेळी भाऊरावांना जाऊन सात वर्षे झाली होती. त्यांनी अहवाल लिहिला नाही; पण घर आणि सोबती या दोन्ही गोष्टी त्यांनी साताऱ्यात चार दशके आधीच बदलून दाखविल्या होत्या.

अर्थात, वसतिगृहालाही मर्यादा होती. मूल तेथे येई ते काहीसे मोठे झाल्यावर. भाषा आणि कुतूहल यांचा पाया त्याआधीच्या वर्षांत पडलेला असतो. भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले, वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शाळांचे जाळे विणले आणि पुढे स्त्रियांसाठीही अध्यापिका विद्यालय सुरू केले. शिकलेली स्त्री घरात आली, की पुढची पिढी शाळेत येण्याआधीच शिकू लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच सुमारास ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम हाती घेतले होते आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अंगणातच बालवाडी भरविली. भाऊरावांनी मुलाला घराबाहेर घर दिले, तर ताराबाईंनी मुलाच्या दारातच शाळा नेली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेमागे ही पूर्वपीठिका आहे.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि कमवा व शिका ही पद्धत माध्यमिक शिक्षणात रुजली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा गाडगे महाराजांसारखे पाठीराखे आणि सामान्य माणसे मदतीला धावली. १९५९ मध्ये पद्मभूषण किताब आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट. पदवी भाऊरावांना मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे आणि शंभरावर माध्यमिक शाळा होत्या.

आज रहिमतपूर परिसरातील मुलाला शाळेसाठी घर सोडून साताऱ्यास जावे लागत नाही. शाळा गावात आहे, घरात वीज आहे, हातात मोबाइल आहे. परंतु ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर जाणारे मूल आजही आहे आणि शहरातील बंद सदनिकेत दिवसभर एकटे वाढणारे मूलही आहे. पहिल्याला घर नाही, दुसऱ्याला घरात माणूस नाही. दोघांच्याही गुणपत्रिकेवर केवळ त्यांचेच नाव छापले जाते. त्या कागदावरचा आकडा पाहून मुलाला बोल लावण्यापूर्वी, आपण त्याला कसले घर दिले, हे पालकांनी आणि समाजाने एकदा तपासून पाहावे. सहावी इयत्ता ओलांडू न शकलेल्या भाऊरावांच्या आयुष्याचा अर्थ याहून वेगळा नाही.