बिब्ब्याची नोंद करणारे डॉक्टर : गार्सिया द ऑर्ता

कुडव्यात उन्हाळ्यात तुम्ही चाराची फळे आणि आंबे खाता, हिवाळ्यात लाडवात चारोळी, काजू, गोडंबी घालता. हे सगळे एकाच कुळातले, आणि बिब्बाही त्यातलाच. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. या बिब्ब्याबद्दल गोव्यात पुस्तक छापून लिहिणाऱ्या डॉक्टरांची ही ओळख.

गार्सिया द ऑर्ता 1500 च्या सुमारास पोर्तुगालमध्ये जन्मले. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. पुढे सक्तीने ख्रिस्ती झालेले. वैद्यकीचे शिक्षण स्पेनमध्ये झाले आणि 1534 मध्ये ते गोव्याला आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यांनी उपचार केले. मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते. तिथल्या त्यांच्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई.

जुन्या ग्रंथांत काय आहे यापेक्षा इथले वैद्य आणि व्यापारी काय सांगतात, हे ते विचारत. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्यांच्या पुस्तकात बिब्ब्यावर एक संवाद आहे आणि त्यात आपला ‘बिबो’ हा शब्दही सापडतो. कोवळ्या फळाचे मिठात लोणचे घालतात, वाळलेले फळ कातडी जाळायला वापरतात, चुना मिसळून कपड्यांवर खुणा करतात, असे त्यांनी नोंदवले. काजू मात्र त्या पुस्तकात नाही. ‘अनाकार्डियम’ हे नाव तेव्हा बिब्ब्याचे होते, ते लिनियसने पुढे काजूला दिले!

त्यातली कातडी जाळण्याची नोंद तुमच्या कामाची आहे. बिब्ब्याच्या टरफलातले काळे तेल त्वचेला लागले की कित्येकांना एक-दोन दिवसांनी लाली, खाज, पाणी भरलेले फोड येतात. त्यालाच आपण बिब्बा उतला म्हणतो. काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याचा चीक यांनीही तसेच होऊ शकते. म्हणून दुखऱ्या सांध्यावर किंवा बाळाच्या पोटावर बिब्बा लावू नका. दुधात थेंब टाकून स्वतःच्या मनाने पिऊही नका. बिब्बा पोटात गेल्यावर किडनी निकामी झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले आहेत.

ऑर्ता 1568 मध्ये वारले. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन सुरू होते. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले. 1580 मध्ये ऑर्तांची हाडे उकरून तीही जाळली. पुस्तक मात्र त्याआधीच, 1567 मध्ये, लॅटिनमध्ये संक्षेपाने युरोपभर गेले होते. पणजीतल्या एका उद्यानाला आज त्यांचे नाव आहे.

बिब्ब्याचे तेल लागलेच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नखांखालीही. फोड फोडू नका. चेहरा किंवा डोळे सुजले, फोड पसरले किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काजू किंवा पिस्ता खाल्ल्यावर ओठ सुजणे, उलट्या, धाप लागणे असे झाले तर ती वेगळी, तातडीची ॲलर्जी आहे. तेव्हा थेट दवाखाना गाठा आणि काय खाल्ले ते सांगा.