प्रकाशाला वळण लावणारा कारागीर

रक्तातले हिमोग्लोबिन मोजणारे यंत्र नमुन्यातून ठरावीक रंगाचा प्रकाश सोडते आणि त्यातला किती शोषला गेला ते पाहते. पांढऱ्या प्रकाशातून हवा तोच रंग वेगळा काढण्याच्या या विद्येला शिस्त लावली एका काचकामगाराने. त्याचे नाव जोसेफ फ्राउनहोफर.

जन्म ६ मार्च १७८७, बव्हेरियातल्या स्ट्राउबिंगचा. वडील काचकाम करणारे. अकराव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले आणि मुलगा म्युनिचमध्ये आरसे बनवणाऱ्या मालकाकडे उमेदवारीला लागला. १८०१ मध्ये मालकाचे घर कोसळले. जोसेफ ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. घटनास्थळी आलेल्या बव्हेरियाच्या शासकाने त्याला पैसे दिले, तर उट्झश्नायडर या उद्योजकाने पुस्तके. पुढे १८०६ मध्ये त्याच उट्झश्नायडरच्या कारखान्यात त्याला काम मिळाले.

तेव्हाच्या दुर्बिणींत प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर दिसे. ती घालवायची तर कोणती काच कोणत्या रंगाला किती वाकवते, हे मोजायला हवे. पण वर्णपटात रंग एकमेकांत मिसळलेले. खूण कुठे करायची? १८१४ मध्ये फ्राउनहोफर यांनी अंधाऱ्या खोलीच्या झडपेला बारीक फट ठेवली, सुमारे सात मीटरवर लोलक मांडला आणि त्यामागे कोन मोजणारी दुर्बीण लावली. फट अरुंद आणि दूर, त्यामुळे किरण जवळजवळ समांतर येत आणि रंग एकमेकांवर चढत नसत. सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा दिसल्या. त्यांनी ५७० हून अधिक रेषांची नोंद केली, ठळक रेषांना अक्षरे दिली. हव्या होत्या त्या खुणा मिळाल्या. पुढे १८२१ च्या सुमारास बारीक तारा समांतर ताणून त्यांनी जाळी केली आणि तिच्या साहाय्याने प्रकाशाची तरंगलांबी मोजली.

आजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये त्या सात मीटरचे काम भिंग किंवा अंतर्वक्र आरसा करतो. तारांच्या जागी सूक्ष्म रेघांची जाळी असते. ती किंचित फिरवली की दुसरा रंग बाहेरच्या फटीतून नमुन्यावर पडतो. हा कोन चुकला तर यंत्र भलताच रंग वाचते आणि रुग्णाचा रिपोर्ट बिघडतो. म्हणून प्रयोगशाळेत यंत्राची तरंगलांबी वेळोवेळी तपासून घ्यावी लागते.

७ जून १८२६ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी, फ्राउनहोफर क्षयाने गेले. सूर्यप्रकाशातल्या त्या रेषा निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या खुणा आहेत, हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये, आणि त्यावर गुणकारी औषध यायला विसावे शतक अर्धे सरावे लागले.