ब्रॅग बाप की लेक?

‘ब्रॅग्ज लॉ’ पेपरात हमखास येतो म्हणून फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच पाठ केला. पण हा ब्रॅग बाप की लेक, असं व्हायव्हात विचारलं आणि माझी दांडी उडाली. ते मनाला लागलं, कारण या कॉलेजात मला अजून अमक्याचा धाकटा भाऊ म्हणूनच ओळखतात. मग लायब्ररीत बसून शोधलं.

नियम लेकाचा. विल्यम लॉरेन्स ब्रॅग १८९० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला जन्मला. लहानपणी तीनचाकीवरून पडून कोपर मोडलं, तेव्हा वडिलांनी नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांनी ते पाहिलं. १९१२ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, केंब्रिजला शिकताना त्याला हा नियम सुचला. पुढे बाप-लेकांनी मिळून काम केलं, पण जगाला वाटायचं की डोकं बापाचंच. हा सल त्याला बरीच वर्षं होता.

१९१४ मध्ये त्याने एकट्याच्या नावावर तांब्याची रचना छापली. ती समजायला बीडच्या बसस्टँडजवळचा मोसंबीचा गाडा आठवा. पहिला थर ए, त्याच्या खळग्यांत दुसरा बी, तिसरा पुन्हा नव्या जागी सी. तांब्यात ए-बी-सी, ए-बी-सी असंच चालतं. मध्येच एखादा थर चुकीच्या खळग्यात बसला की झाला स्टॅकिंग फॉल्ट! त्या चुकीसाठी दर चौरस मीटरला लागणारी ऊर्जा म्हणजे स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी. चांदीत ती कमी, ॲल्युमिनियममध्ये बरीच जास्त, तांबं मधे. तांब्यात जस्त घालून पितळ केलं की ती आणखी उतरते. ती कमी असली की डिसलोकेशन्सना एक प्रतल सोडून दुसऱ्यावर जाणं जड जातं, म्हणून पितळ ठोकता ठोकता लवकर कडक होतं. हे सगळं पुढच्या लोकांनी शोधलं, पण थरांचा पाया ब्रॅगचा.

१९१५ मध्ये बाप-लेकांना मिळून नोबेल मिळालं. वय अवघं २५! विज्ञानाच्या नोबेलमध्ये एवढा लहान आजवर दुसरा नाही. पण बातमी आली तेव्हा तो युद्धआघाडीवर आवाजावरून शत्रूच्या तोफा शोधत होता, आणि धाकटा भाऊ रॉबर्ट दोनच महिन्यांपूर्वी गॅलिपोलीच्या लढाईत गेला होता. त्या घरात आनंद कसा झाला असेल?

१९४७ मध्ये त्याने जॉन नाय यांच्यासोबत साबणाच्या बारीक बुडबुड्यांचा थर करून धातूतले दोष डोळ्यांना दाखवले. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली, तेव्हा कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख तोच होता. १९७१ मध्ये तो गेला.

परवा लॅबमध्ये तापवून थंड केलेलं तांबं मायक्रोस्कोपखाली पाहिलं. सरळ कडांचे पट्टे दिसले. थरांचा क्रम तिथे उलटा फिरतो, त्यांना ट्विन म्हणतात. एकमेकांना चिकटून, तरी दिशा आपली आपली.

आता व्हायव्हात विचाराच सर. नियम लेकाचा!