नाइटिंगेलबाईंची नजर

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. आम्हालाही बरीच वर्षे तेवढ्याच ठाऊक होत्या.

12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात सधन इंग्रज घराण्यात त्यांचा जन्म झाला. शहराचेच नाव मुलीला ठेवले. घरच्यांचा विरोध पत्करून 1851 मध्ये जर्मनीतील कायझरवर्थ येथे त्या रुग्णसेवा शिकल्या. पुढे क्रिमियाचे युद्ध पेटले आणि नोव्हेंबर 1854 मध्ये 38 परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या.

तेथे जखमांपेक्षा हगवण, कॉलरा आणि तापाने माणसे अधिक मरत होती. बाईंनी अन्न, कपडे, स्वच्छता यांची सोय लावली, तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. इमारतीखाली गटारे तुंबलेली होती. मार्च 1855 मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने ती उपसली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. अपुरे अन्न आणि उशिरा आणलेले रोगी हेच कारण, असे बाई तोपर्यंत धरून चालल्या होत्या. परतल्यावर विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञासोबत त्यांनी सारे आकडे तपासले, तेव्हा आपला अंदाज चुकला हे त्यांना दिसले. ते त्यांनी दडवले नाही, उलट आलेख काढून सरकारपुढे मांडले. आम्ही सरकारी नोकर, तक्ते रोज भरतो. पण स्वतःची चूक सापडावी म्हणून तक्ता कोण भरतो?

1859 मध्ये त्यांनी शुश्रूषेवर लहानसे पुस्तक लिहिले. त्यातला निरीक्षणाचा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. झोप चांगली लागली का, असे मोघम विचारू नये; किती तास आणि कोणत्या वेळी, ते विचारावे. ताट परत आले तर का आले, ते पाहावे. भेटायला आलेल्यांपुढे रोगी उसने अवसान आणतो, त्याचा थकवा मागाहून दिसतो. आपल्या घरातली आजारी म्हातारी माणसे पाहुण्यांना 'बरं आहे' म्हणतात, तसेच हे.

1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची परिचारिका शाळा सुरू झाली. स्वतः बाई अनेक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. तेथूनच त्या हिंदुस्थानच्या आरोग्यावर लिहीत राहिल्या. इकडे त्या कधीच आल्या नाहीत, तरी खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. 13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.