विश्लेषण : मातीतले जिवाणू मोजायचे कसे? सर्गेई विनोग्राड्स्कींनी अख्खे आयुष्य कशासाठी वेचले?

शेतात टाकलेल्या युरियाचे पिकाला सहज घेता येईल अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करण्यात मातीतल्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. हे काम नेमके कोणते जिवाणू करतात, याचा छडा सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास लावला. पुढे वयाच्या साठीनंतर त्यांनी त्याहून अवघड प्रश्न हाती घेतला. प्रयोगशाळेतल्या बशीत जे जिवाणू वाढतात, तेच शेतात काम करत असतात का?

कोण होते विनोग्राड्स्की?

त्यांचा जन्म १८५६ मध्ये कीव्ह शहरात झाला. घरची परिस्थिती सधन होती. कीव्हमध्ये कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून ते पियानो शिकायला सेंट पीटर्सबर्गला गेले. संगीतातही मन रमले नाही, तेव्हा १८७७ मध्ये तिथल्याच विद्यापीठात निसर्गविज्ञानाकडे वळले. १८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

गंधकावर जगणारा जीव कसा सापडला?

स्ट्रासबर्गमध्ये त्यांनी गंधकयुक्त झऱ्यांत वाढणाऱ्या बेजियाटोआ या धाग्यासारख्या जिवाणूवर काम केले. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या धाग्यांना हायड्रोजन सल्फाइड मिळाले की पेशीत गंधकाचे कण जमत. ते तोडले की कण नाहीसे होत आणि जिवाणू उपासमारीने मरू लागत. यावरून १८८७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की हा जीव गंधकाच्या रासायनिक क्रियेतून ऊर्जा मिळवतो. सूर्यप्रकाश किंवा तयार सेंद्रिय अन्न यांशिवाय खनिज पदार्थांतूनही ऊर्जा मिळवता येते, ही कल्पना त्या काळी नवी होती.

नायट्रेट बनवणारे जिवाणू आधी कुणालाच का सापडत नव्हते?

अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम सजीव करतात, हे १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लेझिंग आणि म्यून्ट्झ यांनी दाखवले होते. वाळूच्या थरातून सांडपाणी सोडले की काही दिवसांनी खाली नायट्रेट मिळे. त्यात क्लोरोफॉर्म सोडला की ही क्रिया थांबे. पण तो जीव वेगळा काढणे कुणाला जमत नव्हते. जिवाणू वेगळे करण्यासाठी तेव्हा रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीने जिलेटिनच्या पौष्टिक थरावर वाढवले जात. हवे असलेले जिवाणू सोडून बाकी सगळे त्यावर वाढत.

१८८८ मध्ये झुरिकला गेलेल्या विनोग्राड्स्कींनी उलटा विचार केला. हे जिवाणू अमोनियावर जगत असतील, तर त्यांना पौष्टिक अन्न कशाला? त्यांनी सेंद्रिय पदार्थ नसलेले, फक्त क्षार आणि अमोनिया असलेले द्रावण बनवले. त्यात वाढलेले मिश्रण जिलेटिनवर पसरून जिथे काहीच उगवले नाही, तिथला भाग उचलला. पुढे जिलेटिनऐवजी वाळूतल्याच सिलिकाचे जेल वापरले. काम दोन टप्प्यांत चालते हेही त्यांनी दाखवले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. दोन्ही टप्पे एकटा पार पाडणारा जिवाणू असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे चित्राचा हा भाग भरायला सव्वाशे वर्षे लागली.

मग काम मध्येच का थांबले?

१८९१ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत आले. तिथे त्यांनी हवेतला नायट्रोजन पकडणारा, ऑक्सिजनविना जगणारा जिवाणू वेगळा केला आणि त्याला लुई पाश्चर यांचे नाव दिले. १९०५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी पद सोडले आणि युक्रेनमधील आपल्या जमीनजुमल्यात जाऊन राहिले. रशियन क्रांतीनंतर ते सगळे हातचे गेले आणि देश सोडावा लागला. काही काळ बेलग्रेडमध्ये शिकवल्यावर १९२२ मध्ये पाश्चर संस्थेने त्यांना फ्रान्सला बोलावले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या गावी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी नव्याने सुरुवात केली.

मोजणीत नेमकी चूक काय होती?

मातीचे पाणी पौष्टिक थरावर पसरायचे आणि उगवलेले ठिपके मोजायचे, अशी रूढ पद्धत होती. विनोग्राड्स्कींचा आक्षेप सरळ होता. मातीत अन्नाची टंचाई असते, बशीत रेलचेल. बशीत वाढतात ते आयते मिळाल्यावर फोफावणारे. त्यांनी माती पाण्यात ढवळून काचेवर पसरली, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजणी केली. आकडा बशीतल्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. मातीतल्या जिवाणूंचे त्यांनी दोन गट केले. एक, टंचाईतही संथपणे काम करणारे स्थानिक रहिवासी. दुसरा, ताजा पालापाचोळा किंवा शेणखत पडले की झपाट्याने वाढणारे आणि अन्न संपले की ओसरणारे.

१९४९ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांचे पन्नास वर्षांचे संशोधन मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरील ग्रंथात एकत्र आले. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या शेताशी याचा काय संबंध?

नायट्रेट पाण्यासोबत सहज वाहून जाते. म्हणून युरिया एकदम न देता हप्त्यांनी देतात. युरियावरील कडुनिंबाच्या लेपाचा एक उद्देशही विनोग्राड्स्कींनी शोधलेल्या जिवाणूंचा वेग कमी करणे हाच आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये त्यात आहेत, जिवाणू नाहीत. जिवाणू खताच्या पाकिटावर सीएफयू हा आकडा असतो. तो बशीतल्या मोजणीचा असतो. पाकिटात किती जिवाणू जिवंत आहेत, एवढेच त्यावरून कळते. ते शेतात टिकतील का, हे कळत नाही. ते ओलावा, सामू आणि सेंद्रिय कर्बावर ठरते. आता डीएनए तपासणीने बशीत न वाढणारे जिवाणूही ओळखता येतात. तरीही कोण आहे हे कळणे आणि तो काय करतो आहे हे कळणे, यात अंतर उरतेच. विनोग्राड्स्कींचे काम याच अंतरावर होते.